जुन्या ध्वनिमुद्रिकांची किंमत आणि त्यांचें मोल

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा छंद अलीकडे पुन्हा वाढीस लागला आहे. ज्या तबकड्या घरोघरच्या लोकांनीं अडगळ म्हणून माळ्यावर टाकल्या होत्या, त्याच आज मुंबईच्या चोर बाजारांत आणि परदेशच्या लिलावांत पैसे मोजून घेतल्या जातात. अमेरिकेंत 2020 सालीं विनाइलच्या तबकड्यांच्या विक्रीचें उत्पन्न सीडींच्या उत्पन्नाहून अधिक झालें. 1980 नंतरच्या दशकापासून असें घडलें नव्हतें. छंद वाढला तशा भावयाद्याही वाढल्या. या याद्या कशा लिहिल्या जातात आणि त्यांत तबकडीचें मोल कोणत्या मापानें मोजलें जातें, याची परीक्षा आम्हांस येथें करावयाची आहे. संशोधकांच्या पत्रांत हा विषय कशाला, अशी शंका कोणी घेतील, तर त्यांस आमचें उत्तर असें कीं, ताडपत्र, ताम्रपट आणि कागद यांप्रमाणें तबकडी हेंही इतिहासाचें साधनच आहे. आणि साधनाचें वर्णन चुकलें म्हणजे साधन असून नसल्यासारखें होतें.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. विनाइलची, मिनिटास सवातेहतीस फेरे घेणारी (सूक्ष्म हिशेबानें 33⅓) तबकडी 1948 सालीं अमेरिकेंत निघाली. तत्पूर्वीं चालत असे ती लाखेची, मिनिटास सुमारें 78 फेरे घेणारी तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. आरंभीं गवयानें कर्ण्यासमोर गावें, त्या आवाजाच्या कंपानें सुईनें मेणावर रेघ कोरावी, त्या मेणावर धातूचा लेप चढवून साचा करावा आणि साच्यावरून पुढें ठसे करून हजारों प्रती दाबाव्या, असा क्रम होता. 1925 पासून कर्ण्याच्या जागीं विजेचा ध्वनिग्राहक आला. प्रत्येक मूळ मुद्रणास एक क्रमांक दिला जाई आणि तो कागदी चकतीच्या भोंवतालच्या कोऱ्या जागेंत उमटे. यास मेट्रिक्स क्रमांक म्हणतात. मेट्रिक्स या शब्दाचें मूळ लॅटिनमधील मातृवाचक शब्दांत आहे. आणि आमचे पंडितही ज्या हस्तलिखितावरून नक्कल करावयाची त्यास मातृका म्हणतात. दोन देशांतील दोन धंद्यांस एकच शब्द सुचावा, हा योगायोग नुसता शब्दाचा नव्हे; दोहोंचें शास्त्रही एकच आहे. एकाच मातृकेच्या शंभर प्रती म्हणजे शंभर साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष होय. उलट तेंच गाणें त्याच गायकानें दोन वेळां मुद्रित केलें असेल, तर चकतीवर नांव एकच छापलेलें असूनही ते दोन पाठ आहेत.

आतां बाजाराचें माप पाहूं. बीटल्स या इंग्रजी गायकमंडळीचा 1968 चा पांढऱ्या वेष्टनाचा संच क्रमांक घालून विकला गेला होता. त्यांतील 0000001 क्रमांकाची प्रत त्या मंडळींतील रिंगो स्टार यांजपाशीं होती. डिसेंबर 2015 मध्यें ती लिलावांत 7,90,000 डॉलरांस गेली. याच्या दोनच वर्षें आधीं, 2013 सालीं, टॉमी जॉन्सन या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय गायकाची पॅरामाउंट कंपनीची 12950 क्रमांकाची तबकडी 37,100 डॉलरांस विकली गेली. पहिल्या वस्तूंतील गाणीं जगांत लक्षावधि घरीं जशींच्या तशीं ऐकावयास मिळतात; ती प्रत उद्यां जळाली तरी एक सूरही नाहींसा होणार नाहीं. दुसऱ्या तबकडीच्या मात्र त्या वेळीं ज्ञात असलेल्या प्रती दोनच होत्या. लाकडी खुर्च्या करणाऱ्या कारखान्याची ती कंपनी मंदीच्या काळांत बंद पडली आणि तिचे धातूचे साचे बहुतेक नष्ट झाले. म्हणजे तेथें मातृका गेली आहे आणि ग्रंथ दोन जीर्ण पोथ्यांवर उभा आहे. असें असतां बाजारानें पहिलीस दुसरीच्या वीसपटीहून अधिक तोललें. यांत बाजाराचा अपराध नाहीं. त्यानें कीर्ति विकली आणि कीर्ति विकत घेणारे पुष्कळ असतात. अपराध आहे तो या आंकड्यास मोल समजणाऱ्या आमच्या संग्राहकांचा.

भावयाद्यांचे दोष तीन आहेत. पहिला दोष भाषेचा. तबकडीच्या स्थितीच्या ज्या श्रेणी रूढ आहेत, त्यांत 'गुड' म्हणजे चांगली, ही श्रेणी जवळजवळ तळाची आहे; 'गुड' म्हणून घेतलेली तबकडी खरखरीनें भरलेली निघते आणि नवा संग्राहक फसतो. दुसरा दोष असा कीं, श्रेणी बहुधा डोळ्यांनीं ठरविली जाते. लाखेच्या तबकड्या वाजविण्यास पोलादी सुया असत आणि त्या दर बाजूस बदलावयाच्या असत. काटकसरीनें एकच सुई वारंवार वापरल्यास रेघेच्या भिंती झिजत. अशी तबकडी दिसावयास चकचकीत असून वाजवितां मुकी ठरते. उलट ओरखडे पडलेली तबकडी कधीं कधीं स्वच्छ बोलते. तिसरा दोष सर्वांत मोठा. याद्यांत गायकाचें नांव, चकतीचा रंग आणि स्थिति एवढेंच असतें. मातृकेचा क्रमांक पुष्कळदां दिलेलाच नसतो. पुष्पिका न पाहतां पोथीची किंमत सांगणाऱ्या विक्रेत्यास आमचे वाचक दारांत उभा करणार नाहींत. मग तबकडीच्या विक्रेत्यास ही सवलत कां?

पुष्पिकेचा उल्लेख आम्ही अलंकार म्हणून केला नाहीं. 1902 च्या नोव्हेंबरांत फ्रेडरिक गेझबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें दाबल्या जात. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें म्हणून गाण्याच्या शेवटीं गायिका आपलें नांव स्वतः उच्चारीत असे. लेखकानें ग्रंथान्तीं आपलें नांव घालावें तसाच हा प्रकार होय. आणि तो चकतीवर नव्हे, रेघेंतच कोरलेला असल्यामुळें चकती फाटली, पुसली किंवा बदलली तरी खरा राहतो. 1908 मध्यें कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाल्यावर तबकड्या येथेंच दाबल्या जाऊं लागल्या. म्हणून आरंभींच्या तबकडीवर ती कोठें दाबली हें पाहिल्यास काळ ठरविण्यास साह्य होतें. असल्या खुणांची पद्धतशीर मांडणी कशी करावी, याचा नमुना मायकेल किनियर यांनीं 1994 सालीं प्रसिद्ध केलेल्या, ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळांतील हिंदी मुद्रणांच्या सूचींत आहे. ती सूची हातीं असतां केवळ नांव आणि रंग पाहून किंमत बोलणें हा आळस होय.

या आळसाची किंमत आमचें संगीत देतें. 1960 नंतरच्या कांहीं वर्षांत जगांत इतरत्र 78 फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक बंद झाल्या असतां, हातानें किल्ली देऊन चालणाऱ्या यंत्रांसाठीं त्या भारतांत निघतच होत्या. त्यांत बीटल्सचीं गाणींही होतीं. त्या तबकड्या परदेशचे संग्राहक आज शोधीत फिरतात आणि मोठी किंमत देतात. त्याच काळच्या मराठी तबकड्या त्याच पेटींत असल्या तर त्या वेगळ्या काढून रद्दीच्या भावानें दिल्या जातात. अल्लादियाखांसाहेबांचा (मृत्यु 1946) आवाज मुद्रित झालेला उपलब्ध नाहीं. त्यांची गायकी आज ऐकावयाची ती शिष्यांच्या मुद्रणांतून. त्यांच्या शिष्या, गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची एक भैरवी 1977 सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. तेव्हां ती तबकडी बाजारांत मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, मेजाखालील धुळकट खोक्यांत तिच्या प्रती सांपडल्या. ज्या खोक्याची कोणी किंमत केली नव्हती, त्यांतून ही निवड झाली!

यावर प्रतिपक्ष असा: किंमत आहे म्हणून तर तबकड्या वांचतात, भाव नसता तर सर्वच भंगारांत जातें. हें म्हणणें अर्धें खरें आहे. टॉमी जॉन्सनची तबकडी किंमतीमुळेंच जाणत्याच्या हातीं गेली, हें आम्हांस मान्य आहे. परंतु किंमत जिला मिळते तीच वांचते, आणि जिला मिळत नाहीं तिला वांचविण्याचा उपाय किंमतींत नाहीं. तो उपाय वर्णनांत आणि नकलेंत आहे. भारतीय कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षें टिकतो. गीत व चाल यांवरील हक्कांचा हिशेब निराळा. तो पाहून जुन्या मुद्रणांची संगणकीय नक्कल करण्यास आज यंत्र व खर्च थोडा लागतो. वस्तु ज्याची त्याजपाशीं राहो; पाठ सर्वांचा होवो.

तात्पर्य, आमची मागणी माफक आहे. तबकडी विकणाऱ्यानें, घेणाऱ्यानें आणि संग्रह ठेवणाऱ्यानें पांच गोष्टी लिहाव्या: चकतीवरील क्रमांक, मातृकेचा क्रमांक, दाबल्याचें ठिकाण, वाजवून ठरविलेली स्थिति आणि तबकडी कोणाच्या घरांतून आली ती हकीकत. पांचवी बाब बहुतेकांस निरुपयोगी वाटते. परंतु एका घरच्या पन्नास तबकड्या एकत्र असतां त्या घराची अभिरुचि सांगतात आणि फोडून विकल्या म्हणजे पन्नास सुटे तुकडे होतात. राजवाड्यांनीं गांवोगांवच्या वाड्यांतून जीं दप्तरें गोळा केलीं, त्यांतील हिशेबाच्या चिठ्ठ्यांस त्या काळीं वाण्याच्या पुडीपलीकडे भाव नव्हता. तो भाव पाहून त्यांनीं निवड केली असती, तर मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें आज आपल्या हातीं कितपत उरलीं असतीं, याचा विचार वाचकांनींच करावा.