पहिल्या नंबरात किती गाडे?

पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांत जत्रांचा हंगाम लागला की गावोगाव एक पत्रक फिरू लागतं. कागद चकचकीत. माथ्यावर ग्रामदैवताचा फोटो आणि ‘प्रसन्न’, त्याखाली लाल-पिवळ्या ठसठशीत अक्षरांत ‘भव्य बैलगाडा शर्यत’. पौष पौर्णिमेची पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची मोठी यात्रा असो, नाहीतर चैत्रातली एखाद्या वाडीची भैरवनाथाची जत्रा असो, पत्रकाचा साचा तोच. शर्यतीच्या संध्याकाळी स्पीकरवरून जो निकाल वाचला जातो, तो या पत्रकाचा उत्तरार्ध. दोन्ही मिळून एक सलग रचना होते. तिच्यावर लेखक म्हणून कुणाचंच नाव नसतं. यात्रा कमिटीतली चार माणसं, तालुक्याचा छापखाना आणि माईक हातात धरलेला निवेदक मिळून ती तयार करतात. तरीही तिला घाट आहे, लय आहे, स्वतःचा एक विचारही आहे. कवितेच्या ओळीवर थांबावं तसं तिच्या आकड्यांवर थांबलं, तर तो विचार दिसतो.

आधी हा निकाल कशाचा, ते पाहू. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिम पट्टा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूरला लागून आहे आणि शर्यतीची रीतही तिकडचीच, घाटाची. घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी बांधून घेतलेली धाव. गाड्याला चार बैल: दोन धुरेला, दोन पुढे जुकाटाला. पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर हाकणारा बसत नाही. जुंपणी झाली, धरणाऱ्यांनी बैल सोडले, स्पीकरवर ‘भिर्रर्र’ घुमलं की चारही खोंडं घोडीच्या मागे चढावर झेपावतात आणि वरच्या टोकाला निशाण पडतं. ही झाली एक बारी. एका वेळी घाटात एकच गाडा असतो. त्याच्या शेजारी कुणी पळत नाही, त्याला कुणी मागे टाकत नाही. त्याची शर्यत घड्याळाशी.

पत्रकातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मधला बक्षिसांचा रकाना. तिथे प्रथम क्रमांक, द्वितीय क्रमांक, तृतीय क्रमांक अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे रक्कम. बाहेरचा वाचक इथे फसतो. त्याला वाटतं, तीन ओळी म्हणजे तीन विजेते. प्रत्यक्षात क्रमांक ही सेकंदांची हद्द असते. घाटाची लांबी आणि चढ पाहून ती ठरते. समजा, एखाद्या घाटात 12 सेकंदांच्या आत पोचलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, 13 च्या आतले दुसऱ्या, 14 च्या आतले तिसऱ्या. मग संध्याकाळी स्पीकर सांगतो, पहिल्या नंबरात इतके गाडे आले. त्या नंबरासाठी ठेवलेली रक्कम त्या सगळ्यांत विभागून दिली जाते. 11.40 वाला आणि 11.98 वाला यांच्या हातात सारखीच रक्कम पडते.

सगळ्या रचनेचा गाभा या ‘विभागून’ शब्दात आहे. स्पर्धेचा निकाल ही सहसा शिडी असते. वरच्या पायरीवर एकाच्याच पायाला जागा. घाटाचा निकाल आडवा पसरतो. माझा गाडा पहिल्या नंबरात आला म्हणून तुमचा दुसऱ्यात ढकलला जात नाही. फार तर माझ्यामुळे तुमचा वाटा थोडा कमी होतो. म्हणून तर, वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारे गाडामालक दुसऱ्याची बारी हद्दीत बसली तरी मनापासून टोप्या उडवू शकतात. अनेकदा तर गाडाच दोघांचा असतो: धुरेचे बैल एकाचे, जुकाटाचे दुसऱ्याचे. याला ते जुगलबंदी म्हणतात. पत्रकाने स्पर्धा जाहीर केलेली असते; निकाल वाचताना मात्र ती भागीदारी असल्याचं उलगडतं.

आता रक्कम पाहा. एकावन्न हजार एकशे अकरा. एक लाख अकरा हजार एकशे अकरा. पत्रकातल्या बक्षिसांना शेपटीला एक हवाच. लग्नाच्या पाकिटात आणि देवळाच्या पावतीपुस्तकात जो वरचा एक असतो, तोच इथे येतो, कारण हा पैसा त्याच वाटेने आलेला असतो. रकमेखाली लगेच दात्याचं नाव: कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कुणा तरुण मंडळातर्फे, मुंबईत नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांकडून, माजी सरपंचांकडून. पत्रकात बक्षिसाच्या आकड्यापेक्षा देणाऱ्याचं नाव कधी कधी मोठ्या टायपात असतं. त्यावर हसायचं असेल तर हसावं. पण ते नाव तिथे असणं हा या अर्थव्यवहाराचा कणा आहे. जिंकणाऱ्याकडे जाणारी रक्कम हरणाऱ्याच्या खिशातून निघालेली नसते. ती गावाने वर्गणीतून उभी केलेली असते.

गंमत पुढे होते. एक लाख अकरा हजार एकशे अकरा रुपये आहेत आणि पहिल्या नंबरात सतरा गाडे आले, असं धरा. प्रत्येकी सहा हजार पाचशे पस्तीस येतात आणि वर सोळा रुपये उरतात. पत्रकावर डौलात उभा असलेला आकडा वाटपाच्या टेबलाशी येईपर्यंत साधा, खरबरीत होतो. त्याचा शुभ एक हरवतो. चार बैलांची वैरण, पेंड, खुराक, टेम्पोचं भाडं, सोबत आलेल्या माणसांचं जेवण यांपुढे सहा हजार म्हणजे काय, हे तो वाटा घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी तो ते पाकीट कपाळाला लावून घेतो. या तफावतीतच या रचनेचा रस आहे. इथे रक्कम कमाई म्हणून मोजली जात नाही, साक्ष म्हणून मोजली जाते. बैल पहिल्या नंबरात पळाला, हे गावाने चारचौघांत मान्य केलं, त्याची ही पावती. आणि व्यवहाराच्या बाजूनेही ती फुकट जात नाही, कारण नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाते.

हे वेगळेपण नीट उमगायचं तर एक लांबचा निकाल शेजारी ठेवावा. अमेरिकेत रोडिओ नावाचा खेळ आहे. उधळणाऱ्या बैलावर एका हाताच्या पकडीने 8 सेकंद टिकायचं, पळत्या वासराला फास टाकायचा, घोडा पिंपांभोवती वळवत धावायचा, असे त्याचे प्रकार. तिथल्या व्यावसायिक रोडिओत वर्षभराची क्रमवारी गुणांवर लागत नाही. ज्याने सर्वाधिक डॉलर जिंकले, तो पहिला. त्या क्रमवारीतले पहिले पंधरा जण डिसेंबरात लास व्हेगासच्या अंतिम स्पर्धेला जातात आणि तिथली कमाई मिळवून ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो जगज्जेता. स्पर्धकांनी भरलेलं प्रवेशशुल्कही बक्षिसाच्या रकमेत घातलं जातं. म्हणजे एका अर्थी स्पर्धक एकमेकांच्या पैशांसाठी खेळतात. तो निकाल वाचायला सोपा आणि निर्दय. नाव, आकडा, खाली आणखी एक नाव, त्याहून लहान आकडा. आपल्या पत्रकातला दाता तिथे प्रायोजक झालेला असतो. ‘विभागून’ तिथेही असतं, पण बरोबरी झाली तरच.

पण त्या निकालात एक गोष्ट आपल्याहून उजवी आहे. बैलावरच्या स्वाराला पंच शंभरपैकी जे गुण देतात, त्यातले निम्मे बैलाचे असतात. बैल किती उसळला, किती गिरक्या घेतल्या, हेही मोजलं जातं. आपल्याकडे घाटात तर माणूस गाड्यावर बसतसुद्धा नाही. पळण्याचं सगळं श्रेय चार बैलांचं आणि फार तर पुढच्या घोडीचं. तरीही कागदावरच्या निकालात नाव येतं ते मालकाचं, त्याच्या गावाचं. बैल त्या ओळीतून गळतो.

त्याला जागा मिळते ती निवेदकाच्या तोंडी. म्हणून निकालाचं रसग्रहण माईकशिवाय पुरं होत नाही. जुंपणी चालू असते तेव्हा निवेदकापाशी भरपूर वेळ असतो. तो मालकाच्या आजोबांपासून सुरुवात करतो, मागच्या जत्रेतली बारी आठवतो, बैलाला नावाने हाक मारतो, त्याचा रंग, शिंगं, पळण्याची ढब सांगतो. ही भाषा लांब, ऐसपैस, विशेषणांनी भरलेली. गाडा सुटला की वाक्यं तुटतात, क्रियापदं गळून पडतात, उरतो नुसता नाद. आणि निशाण पडल्यावर तोच माणूस एकदम कोरडा होतो: अकरा सेकंद, पंचाऐंशी पॉइंट. पाल्हाळ, आरोळी आणि आकडा या तीन पट्ट्या काही मिनिटांत बदलणाऱ्या या आवाजाची जाण कीर्तन आणि तमाशा ऐकलेल्या कानाला लगेच येते. आकडा कोरडा सांगण्यातही हिशेब आहे. हद्द बाराची असेल तर 11.99 आणि 12.01 यांच्यामध्ये पहिला आणि दुसरा नंबर उभा असतो. तिथे विशेषण लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची गदा पृथ्वीराज मोहोळने जिंकली, तेव्हा पंचांच्या निर्णयांवरून किती गदारोळ झाला, हे सगळ्यांनी पाहिलं. घाटात पंचांवरचा तो भार पुष्कळसा घड्याळाने उचललेला असतो, तरी पत्रकाच्या तळाशी ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य कायम आहे.

त्याच तळाशी अलीकडे काही नव्या ओळी आल्या आहेत आणि त्या शर्यतीचा अर्वाचीन इतिहास सांगतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रत्यक्ष शर्यतींना वाट मिळाली ती 16 डिसेंबर 2021 च्या अंतरिम आदेशाने. आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. मधल्या काळातल्या जत्रांच्या पत्रकांवर पालखी, कुस्त्या, तमाशा राहिले, बैलगाड्याची ओळ गेली. आता ती परतली आहे ती अटी घेऊन: चाबूक, काठी, बॅटरी वापरण्यास सक्त मनाई, बैलाचा वैद्यकीय दाखला आवश्यक. धाव हजार मीटरच्या आत ठेवण्याचं बंधन आहे आणि क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पत्रकाच्या माथ्यावर देव, मध्ये दाते आणि तळाशी कायदा, अशी ही तीन मजली रचना झाली आहे. तळाची अक्षरं बारीक असली तरी वरच्या दोन्ही मजल्यांचा भार तीच पेलतात. काठीच्या माराने काढलेले अकरा सेकंद आणि नुसत्या घोडीच्या ओढीने काढलेले अकरा सेकंद निकालात सारखे दिसतात; फरक असतो तो त्या बारीक ओळी पाळल्या गेल्या की नाही यात.

बदल वरच्या मजल्यावरही होतो आहे. ‘घाटाचा राजा’, म्हणजे दिवसातला सर्वांत कमी सेकंदांचा गाडा, हे स्वतंत्र बक्षीस आता पत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. पहिल्या नंबरातून निवडक गाड्यांची फायनल होते. रोख रकमेच्या जागी मोटारसायकल, ट्रॅक्टर येतात. पुणे जिल्ह्यातल्या चिखलीला 2022 च्या मे महिन्यात तर पहिलं बक्षीस जेसीबी होतं. सातारा-सांगलीकडे शेजारी-शेजारी गाडे पळतात आणि गट, सेमी, फायनल असा निकाल एकावर येऊन थांबतो. तिथे हे साजतं. सांगलीतल्या भाळवणीच्या मैदानात थार मोटार जिंकणाऱ्या बकासूर आणि महिब्या या बैलांची नावं तर मालकांच्याही पुढे गेली. घाटाच्या निकालाचा पिंड मात्र वेगळा आहे. जेसीबी सतरा जणांत विभागून देता येत नाही. बक्षीस न विभागण्याजोगं झालं की आडवा निकाल उभा होऊ लागतो, आणि आपणही त्या डॉलरच्या शिडीकडे सरकतो.

म्हणून या पत्रकांच्या कर्त्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. राजाचं बक्षीस खुशाल ठेवा, पण पहिल्या नंबराची रक्कम त्याच्या सावलीत जाऊ देऊ नका. एकाला मुकुट देण्यापेक्षा पुष्कळांना पहिलं म्हणण्याची रीत जास्त दुर्मीळ आहे. आणि निकाल छापाल तेव्हा मालकाच्या नावापुढे चारही बैलांची नावं घाला. निवेदक ती दर बारीला घेतोच. छापखान्याला त्यासाठी एक ओळ जास्त लागेल, एवढंच.