इअरबडची शाई आणि पेनातली शाई

फाउंटन पेनवाल्यांच्या जगात गेल्या काही वर्षांत एक छोटासा प्रकार चांगलाच रुजलाय. त्याला म्हणतात स्वॉच. जाडसर पांढऱ्या कार्डावर शाईचा एक रुंद पट्टा, त्याखाली शाईचं नाव, बाजूला दोन थेंब, एखादी नागमोडी रेघ. मग खिडकीपाशी फोटो. तुम्ही इन्स्टाग्रामवर एकदा अशा कार्डापाशी थांबलात की पुढचे आठ दिवस तुमच्या फोनमध्ये मोरपंखी, जांभळ्या आणि शेवाळी पट्ट्यांचा पाऊस पडतो.

मी स्वॉचकडे समीक्षा म्हणूनच बघते. कुणीतरी शाई तपासली, तिच्याबद्दल मत बनवलं आणि ते आपल्यापुढे ठेवलं. मग पुस्तकाच्या परीक्षणाला आपण जे विचारतो ते स्वॉचलाही विचारायला हवं: हे मत कशाच्या आधारावर बनलं? पुस्तकाच्या बाबतीत निदान कळतं तरी, की लेखकानं ते पूर्ण वाचलंय की मलपृष्ठ चाळून लिहिलंय. शाईच्या बाबतीत हे कळायची एकच खूण असते, ती म्हणजे स्वॉच कशानं काढला. आणि नेमकं तेच बहुतेक कार्डांवर लिहिलेलं नसतं.

प्रश्न हौसेचा वाटला तरी त्यात पैसे गुंतलेत. कोल्हापुरात मी ज्या स्टेशनरीच्या दुकानांत जाते तिथे निळी, काळी, फार तर लाल आणि हिरवी शाई मिळते. त्यापलीकडचं काही हवं असेल तर ऑनलाइन मागवायचं, म्हणजे फोटो बघून मागवायचं. पायलटच्या इरोशिझुकूची ५० मिलीची बाटली हजार रुपयांच्या पुढे जाते. खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी ही रक्कम लहान नाही. तिच्याकडे पुरावा काय, तर कुणीतरी कशानं तरी ओढलेला एक पट्टा.

आपल्याकडे ही अडचण तशी नवीच आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ आली आणि आज आपण ज्याला कॅमलिन म्हणतो ते त्यातूनच उभं राहिलं. पुडीच्या काळात शाई घरी पाण्यात कालवायची, त्यामुळे पाणी किती घातलं यावर रंग ठरायचा. त्याआधी मोडी लिहिणाऱ्या कारकुनाकडे तर काजळी आणि डिंकाची काळी शाई आणि बोरू. त्याला छटेची चिंता नव्हती. शाई बोरूतून नीट उतरते का आणि कागदावर टिकते का, एवढंच तो बघत असणार. कोल्हापुरातल्या पुराभिलेखांमधले मोडी कागद आजही वाचता येतात, कारण काजळी उन्हानं उडत नाही. स्वॉचची गरज निवड वाढल्यावर आली. पण निवड वाढली म्हणून कारकुनाचे ते दोन प्रश्न बाद झाले, असं नाही. स्वॉचनं मात्र ते बाद केले.

आता एकेका साधनाकडे बघू. मी एकच रॉयल ब्लू शाई घेतली, एकच साधी रेघी वही घेतली आणि पाच साधनांनी एकाच पानावर नमुने काढले.

पहिला इअरबड. हा सगळ्यांचा लाडका, कारण स्वस्त आहे, वापरून फेकता येतो आणि धुवायचं काहीच नसतं. बुडवा, ओढा, झालं. पण त्यानं कागदावर काय पडतं ते बघा. साधारण पाच मिलिमीटर रुंदीचा, शाईनं थबथबलेला पट्टा. बारीक निबची रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. म्हणजे इअरबड तुम्हाला जो रंग दाखवतो तो तुमच्या पेनाच्या रेघेपेक्षा दहापट रुंद आणि कितीतरी अधिक भरलेला असतो. आपला डोळा रंग एकटा बघत नाही, शेजारच्या रंगासकट बघतो. बारीक रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरा कागद असतो, त्यामुळे फिकट शाई आणखी फिकट वाटते. उलट, गडद शाई बारीक रेघेत जवळपास काळी होते. इअरबडनं काढलेली गडद किरमिजी, गडद हिरवी आणि गडद जांभळी या तीन वेगळ्या शाया दिसतात. बारीक निबनं लिहिल्यावर त्या तीन काळ्या होतात. बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

दुसरा ब्रश. ब्रशनं शाई ओढून तिच्या कडेला पाणी लावलं की शाई फुटते. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केलेला आठवतोय? काळ्या शाईतून निळा, जांभळा, कधी पिवळसर असे थर वर चढत जायचे. इथे तेच होतं, कारण फाउंटन पेनची शाई बहुधा एकाहून जास्त रंगद्रव्यं मिसळून बनते आणि प्रत्येक द्रव्य पाण्याबरोबर वेगळ्या वेगानं सरकतं. हा स्वॉच दिसायला सगळ्यात देखणा. पण लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग काय? वहीत आपण शाईवर पाणी ओतत नाही. चित्र काढणाऱ्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. कलानिकेतनमध्ये किंवा दळवीज आर्टमध्ये शिकणारा मुलगा शाईचे वॉश देत असेल, तर त्याच्यासाठी हाच खरा स्वॉच आहे आणि इअरबडचा पट्टा निरुपयोगी. साधन चांगलं की वाईट हे ते कुणासाठी वापरलंय त्यावर ठरतं. चित्रकारांच्या या गावात हे फार समजावून सांगायला लागू नये.

तिसरा ग्लास पेन. १९०२ मध्ये जपानमध्ये काचेच्या घंटा बनवणाऱ्या एका कारागिरानं तो काढला. टोकापाशी पिळदार खाचा असतात आणि त्यांत शाई अडकून राहते. एकदा बुडवला की बऱ्याच ओळी लिहिता येतात, आणि पाण्याच्या ग्लासात हलवून पुसला की दुसऱ्या शाईसाठी तयार. एका संध्याकाळी वीस शाया तपासायच्या असतील तर याला तोड नाही. वीस शायांचे रंग शेजारी शेजारी ठेवून बघण्यापुरता तो प्रामाणिकही आहे, कारण सगळ्यांना सारखंच वागवतो. पण त्याला चीर नाही. फाउंटन पेनमध्ये शाई फीडमधून येते आणि निबच्या चिरेतून उतरते. ती अडखळते का, कोरडी पडते का, भसाभसा येते का, हे सगळं तिथे ठरतं. काचेला यातलं काहीच कळत नाही. शिवाय बुडवल्या बुडवल्या रेघ जाड येते आणि पुढे बारीक होत जाते. म्हणून ग्लास पेनच्या स्वॉचवरून ‘शाई छान वाहते’ असं कुणी लिहिलं असेल, तर ते वाक्य सोडून द्यावं.

चौथा टाक, म्हणजे बुडवून लिहायची स्टीलची निब. अलीकडे सेलर कंपनीनं ‘होकोरो’ नावाचा असा टाक शाई तपासणाऱ्यांसाठीच आणलाय. पण साध्या होल्डरमध्ये बसवलेली साधी निबही चालते. तिला चीर असते, त्यामुळे रेघ खऱ्या लिखाणाच्या जवळ जाते. शेडिंग, म्हणजे एकाच अक्षरात कुठे फिकट कुठे गडद होणं, हे इअरबडवर नीट कळत नाही, टाकावर कळतं. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. नव्या निबवर तेलाचा थर असतो, तो साबणानं धुवावा लागतो, नाहीतर शाई धरत नाही. आणि बुडवल्यानंतरची पहिली ओळ हिशेबात धरायची नाही, कारण तिच्यात निबवर चढलेली जादा शाई असते.

पाचवं साधन तुमचं स्वतःचं पेन. मेडिकलमधून एक सिरिंज आणायची, मित्राच्या बाटलीतून एखादी मिली शाई कन्व्हर्टरमध्ये भरायची आणि पानभर लिहायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं, कारण आधी पेन धुवायचं आणि नंतर पुन्हा धुवायचं. संग्राहक ते करत नाहीत, आणि शंभर शाया असलेल्या माणसाकडून ती अपेक्षा मीही ठेवत नाही. पण तुम्हाला एकच बाटली घ्यायची असेल तर एवढा कंटाळा परवडतो.

माझ्या पानावर या पाचांमधून पाच निळे रंग उमटले. इअरबडचा निळा जांभळ्याकडे झुकलेला, माझ्या बारीक निबचा निळा धुतलेल्या शाळेच्या शर्टासारखा. बाटली तीच.

इथवर साधनांचं झालं. पण स्वॉचवर लिहिलेलं काय असतं हेही साधनच आहे. जगभर स्वॉचवर इंग्रजी अक्षरं असतात, आणि आपल्याकडचे लोकही शाईचं नाव इंग्रजीतच लिहितात. देवनागरी शाईची वेगळी परीक्षा घेते. आपण आधी अक्षरं लिहितो आणि मग वरून शिरोरेघ ओढतो. ती रेघ प्रत्येक उभ्या काठीच्या ओल्या टोकावरून जाते. त्या सांध्यांवर शाईचा दुसरा थर बसतो. शाई पसरणारी असेल तर फुटायला सुरुवात तिथेच होते. ‘ष’ आणि ‘क्ष’ची पोटं भरून जातात, ‘द्ध’ आणि ‘ष्ठ’ ओळखू येत नाहीत, अनुस्वाराचा ठिपका फुगून शिरोरेघेला चिकटतो. रोमन लिपीत नीटनेटकी दिसणारी शाई मराठीत गचाळ दिसू शकते, हे इंग्रजी स्वॉच कधीच सांगणार नाही. म्हणून मी स्वॉचवर ‘क्षितिज’, ‘श्रद्धा’, ‘निष्ठा’, ‘अंधार’ असले शब्द लिहिते. सुंदर आहेत म्हणून नव्हे, तर पेनाला जिथे अडचण येते ती सगळी ठिकाणं त्यांत आहेत म्हणून.

कागदाबद्दलचा एक गैरसमजही इथे निकालात काढायला हवा. जीएसएम जास्त तितका कागद चांगला, असं आपण धरून चालतो. जगातले बरेच चमकदार स्वॉच ज्या जपानी तोमोए रिव्हर कागदावर काढले जातात, तो ५२ जीएसएमचा मिळतो. आपली साधी वही असते ६० च्या आसपास. म्हणजे तो कागद आपल्या वहीपेक्षा पातळ आहे. फरक जाडीचा नाही. शाई पृष्ठभागावर रोखून धरायला कागदाला जी प्रक्रिया केलेली असते, तिचा आहे. शाई वरच वाळली की तिच्यावर लालसर किंवा सोनेरी झाक येते, तिला शीन म्हणतात. साध्या वहीत शाई लगेच आत मुरते, त्यामुळे ती झाक दिसतच नाही. जी झाक बघून तुम्ही बाटली मागवली, ती बाटलीत अर्धीच होती, उरलेली अर्धी कागदात होती.

राहिला वेळ. ओली शाई आणि वाळलेली शाई एक नसते. आयर्न गॉल प्रकारची शाई तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे गडद होत जाते, तेव्हा तिचा स्वॉच दुसऱ्या दिवशी बघावा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कागदच दमट असतो, शाई उशिरा वाळते आणि जास्त पसरते. मेमधला स्वॉच आणि जुलैमधला स्वॉच, दोन्हींवर तारीख हवी. आणि एक साधन फुकट मिळतं: ऊन. स्वॉचची अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत ठेवा. काही आठवड्यांनी पुठ्ठा काढला की कळतं, या शाईत डायरी लिहायची की फक्त उद्याच्या कामांची यादी.

शेवटचं गाळणं फोनचं. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या अंदाजानं ठरवतो, ट्यूबलाइटखाली एक आणि खिडकीत दुसरा. काही तीव्र हिरवे-निळे रंग तर साध्या स्क्रीनच्या आवाक्यातच नसतात. म्हणून फोटोत एक गोष्ट मुद्दाम शोधावी. स्वॉचशेजारी एखादी ओळखीची शाई आहे का? शेजारी कॅमलची रॉयल ब्लू असेल तर फोटो कितीही बिघडलेला असला तरी तुलना टिकते. एकट्या पट्ट्याचा फोटो कितीही नितळ असला तरी त्यातून फारसं काही ठरवता येत नाही.

याचा अर्थ इअरबडचे स्वॉच काढू नयेत असा नाही. रंगाचा भरलेला पट्टा बघण्यात निखळ आनंद आहे आणि तो कुणी कुणाकडून हिरावून घेऊ नये. माझी तक्रार त्या पट्ट्याला शिफारस म्हणून पुढे करण्याबद्दल आहे. ज्याला हजारो लोक बघतात त्यानं कार्डाच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहायला काय हरकत आहे? कशानं काढला, कुठल्या निबनं लिहिलं, कागद कुठला, किती तासांनी फोटो काढला. आणि शक्य असेल तर साध्या वहीतली एक मराठी ओळ. ती ओळ लाइक्स मिळवणार नाही. पण खोलीत बसून हजार रुपये खर्च करावेत की नाही याचा विचार करणारी मुलगी पट्टा सोडून आधी तीच ओळ झूम करून बघेल.