‘जाणे’ : एका क्रियापदाची वाट

लॅटिन मिस्साच्या अखेरीस पुरोहित भाविकांना निरोप देत, तो ‘इते’ या शब्दाने. इते म्हणजे जा. ‘मिस्सा’ हे नावदेखील त्याच निरोपाच्या वाक्यातून आले. सेमिनरीत शिकताना मात्र या ‘ईरे’ धातूने आम्हांला बेजार केले होते. ‘इस’, ‘इत’ अशी त्याची रूपे इतकी तोकडी, की बोलताना हरवून जावीत.

लोकव्यवहारात झालेही तसेच. लॅटिनच्या लेकींनी ‘वादेरे’ या दुसऱ्या धातूचा आधार घेतला. पोर्तुगीजमध्ये मूळ क्रियापद ‘ईर’च राहिले, परंतु ‘मी जातो’ झाले ‘वो’ आणि ‘मी गेलो’ झाले ‘फुइ’. हे शेवटचे रूप तर चक्क ‘असणे’ या क्रियापदाकडून उसने घेतलेले!

नव्या भाषा रचणाऱ्यांनी हा गुंता कसा सोडवला? डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे एस्पेरान्तो प्रसिद्ध केली. तीत ‘इरास’, ‘इरिस’, ‘इरोस’ म्हणजे अनुक्रमे वर्तमान, भूत व भविष्य. पुरुष-वचनांचा भेद नाही, अपवाद नाही. १९५१ साली सिद्ध झालेल्या इंटरलिंग्वाने वेगळी वाट धरली. अलेक्झांडर गोडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भगिनीभाषांतील समान अंश वेचला. म्हणून तेथे ‘वादेर’चे वर्तमानकाळी रूप नियमाप्रमाणे ‘वादे’ न होता ‘वा’ होते. इटालियन, स्पॅनिश वा फ्रेंच वाचकाला ते पाहताक्षणी उमगते.

इंटरलिंग्वाची ही निष्ठा मला भावते. तथापि ती घरच्यांच्या सोयीची आहे. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला ‘वा’ हा पाठ करावयाचा आणखी एक अपवादच. परक्याला दार उघडते ते एस्पेरान्तोचे ‘इरास’. जगभाषेची कसोटी परक्याचीच सोय असेल, तर माझा कौल झामेनहोफ यांना.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. अनियमितता हा दोषच, असे त्यांच्या रचनेत गृहीत आहे. आपण ‘जातो’ म्हणतो ते संस्कृत ‘या’ धातूवरून आणि ‘गेलो’ म्हणतो ते ‘गम्’वरून. दोन धातू एका क्रियापदात नांदतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. शिकणाऱ्याला जे ओझे वाटते, तोच बोलणाऱ्याचा वारसा असतो. मुलांना व्याकरण शिकवताना, वाचकहो, अपवादामागची ही कहाणीही सांगावी. पाठांतर थोडे हलके होईल.