कालव्यावरची दोन पुस्तके

काका कालेलकरांनी नद्यांवरील आपल्या पुस्तकाला 'लोकमाता' हे नाव दिले. कालव्याच्या वाट्याला आपल्याकडे असा मान कधी आला नाही, आणि त्यात नवल नाही. दख्खनचा कालवा शेतासाठी काढलेला. त्याची आठवण निघते ती पाणीपट्टीच्या आणि पाळीच्या पाण्याच्या संदर्भात. त्यावरून माल जावा, माणसे गावोगाव फिरावीत, कित्येक कुटुंबांनी त्याच पाण्यावर सारा जन्म काढावा, ही कल्पना मराठी मनाला परकी आहे. म्हणूनच कालव्याच्या वाटेने गावे पाहणाऱ्या दोन इंग्रजी पुस्तकांचा येथे विचार करावा असे आम्हांस वाटले. एक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे 'ॲन इनलंड व्हॉयेज' (१८७८) आणि दुसरे एल. टी. सी. रोल्ट याचे 'नॅरो बोट' (१९४४). दोन्ही प्रवास उन्हाळ्यात सुरू झाले. अर्थात तो तिकडचा उन्हाळा, ज्याची माणसे वर्षभर वाट पाहतात.

स्टीव्हन्सनचे हे पहिलेच पुस्तक. १८७६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो एका मित्रासह दोन लहान होड्या घेऊन अँटवर्पहून निघाला. ब्रुसेल्सपर्यंत पाण्याने, पुढे थोडे अंतर आगगाडीने, आणि मग साम्ब्र नदी, तिला वाझ नदीशी जोडणारा कालवा व शेवटी वाझ नदी, असा हा मार्ग पॅरिसजवळच्या पाँत्वाझ गावी संपतो. वाटेत पाऊस पाठ सोडत नाही. एका गावी लोक या दोघांना फेरीवाले समजतात, तर ला फेर येथील खाणावळीची मालकीण त्यांचा अवतार पाहून दारातूनच परत पाठविते. हे सारे प्रसंग लेखकाने अतिशय गोड विनोदाने सांगितले आहेत. स्वतःची फजिती सांगताना सूर कोठे ठेवावा, हे शिकण्यासाठी आमच्या प्रवासलेखकांनी ही प्रकरणे अवश्य वाचावीत.

तथापि हे पुस्तक पाहुण्याचे आहे, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. कालव्यावर संथपणे सरकणाऱ्या मालवाहू नावेतील संसार पाहून स्टीव्हन्सनला त्याचा हेवा वाटतो. घर न सोडता देश हिंडणारा तो नावाडी त्याला जगातला सुखी जीव वाटतो. पण त्या नावाड्याला खेपेमागे काय मिळते, त्याची मुले कोठे शिकतात, हे प्रश्न त्याच्या मनात फारसे येत नाहीत. आणखी एक लक्षणीय जागा आहे. काँपिएन्य येथे त्याला घरची पत्रे मिळतात आणि त्याचा विरस होतो. जे विसरण्यासाठी बाहेर पडलो तेच मागून आले, अशी त्याची तक्रार. बदलीच्या गावी टपालवाल्याची वाट पाहणाऱ्या आमच्या वाचकांना ही तक्रार वाचून हसू येईल. ज्याला हवे तेव्हा घरी परतता येते, त्यालाच पत्र नकोसे वाटू शकते.

रोल्टची प्रकृती निराळी. तो शिक्षणाने यंत्रज्ञ, आणि कुंभारकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक शहरी त्याने आगगाडीच्या इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केलेली. १९३९ च्या जुलैमध्ये 'क्रेसी' नावाची जुनी मालवाहू नाव राहण्याजोगी करून घेऊन तो पत्नीसह बॅनबरीहून निघाला, आणि त्या नावेवर तो दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. मार्केट हार्बरो, लेस्टर, स्टोक अशी गावे या पुस्तकात येतात ती मागच्या दाराने. रस्ता प्रवाशाला गावाच्या चौकात आणून सोडतो. कालवा त्याला वखारी, कोळशाचे धक्के आणि कारखान्यांच्या मागच्या भिंती दाखवितो. गाव पोट कसे भरते, हे तेथून कळते. पाण्याची पातळी चढविणारे दरवाजे, ज्यांना लॉक म्हणतात, ते कसे चालतात, नावांवर गुलाब आणि किल्ले कोण रंगवितो, हे रोल्ट जाणकाराच्या ममतेने सांगतो. स्टीव्हन्सनच्या वाक्यांतील डौल त्याच्यापाशी नाही. पण त्याच्या प्रत्येक नामामागे वस्तू उभी आहे.

आमचा आक्षेप त्याच्या ममतेवरच आहे. सुमारे सात फूट रुंदीच्या नावेच्या टोकाशी असलेल्या चिमुकल्या खोलीत अख्खे कुटुंब राही; बायकामुलांच्या श्रमाला वेगळी मजुरी नसे. या वस्तीची दैना पाहून ब्रिटिश पार्लमेंटला १८७७ आणि १८८४ साली कायदे करावे लागले होते. रोल्टच्या पुस्तकात नावाड्याचा अभिमान जितका ठसठशीत आहे तितके हे दैन्य नाही.

पुस्तकाचा पुढील इतिहास याच ठिकाणी बोलका होतो. ते वाचून रॉबर्ट एकमन या लेखकाने रोल्टशी पत्रव्यवहार केला आणि १९४६ साली दोघांच्या पुढाकाराने कालवे वाचविणारी संस्था निघाली. पुढे मतभेद झाले. रोल्टची ओढ मालवाहतूक आणि तिच्यावर जगणारे नावाडी यांच्याकडे, तर एकमनला सगळेच कालवे सर्वांसाठी खुले राहावयास हवे होते. १९५१ साली रोल्टला संस्थेतून काढण्यात आले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच खचलेली वाहतूक बव्हंशी मोडली. १९६८ च्या कायद्याने अनेक कालव्यांना सहलीचे जलमार्ग म्हणून संरक्षण मिळाले. आज ते सुट्टीच्या नावांनी गजबजलेले असतात. पाणी वाचले, नावांवरचे गुलाबही वाचले. ज्यांच्या घरावर ते गुलाब होते ती माणसे मात्र तेथून गेली.

याचा दोष एका पुस्तकावर टाकणे अन्यायाचे होईल. मोटारलॉरी आणि आगगाडी यांनी तो व्यवसाय आधीच पोखरला होता. पण लेखकाने ज्याचे सौंदर्य दाखविले ते जपावयास लोक धावून आले, आणि ज्याचे कष्ट त्याने झाकोळात ठेवले त्याच्यासाठी फारसे कोणी आले नाही, एवढे तरी यावरून दिसते. वर्णन करणाराच्या शिरावर ही जबाबदारी असते.

परप्रांती नोकरी करणारा मराठी माणूस या दोन लेखकांच्या मधोमध उभा असतो. तो स्टीव्हन्सनइतका पाहुणा नाही आणि रोल्टइतका रहिवासीही नाही. तीनचार वर्षे तो त्या गावचे पाणी पितो. त्याने त्या गावावर लिहावे अशी आमची फार इच्छा आहे. मात्र लिहिताना देवळे, घाट आणि बाजार यांच्याबरोबर गावाची मागची बाजू, तेथील हमाल आणि त्यांची मजुरीही लिहावी. रोल्टपासून घ्यावयाचे ते हे, आणि त्याच्याकडून राहून गेले तेही हेच.