मुळशी, महाड आणि द्वेषाची कसोटी

राजेंद्र व्होरा यांच्या ‘मुळशी सत्याग्रह’ या ग्रंथाचे मोल आम्हांस एका भेदात दिसते. १९२१ साली मावळ्यांचा विरोध टाटांच्या धरणाला व सरकारी भूसंपादनाला होता. कंपनीचे चालक पारशी, म्हणून तो पारशीद्वेष ठरत नाही. पुण्याचे सावकार बहुतांशी ब्राह्मण. तेथे रोष जातीवर नेणे सोपे होते. व्होरा हितसंबंधच तपासतात. १९२७ साली जेधे-जवळकरांनी महाडच्या सत्याग्रहातून ब्राह्मणांना वगळण्याची अट घातली. ती बाबासाहेबांनी नाकारली, कारण त्यांचे वैर ब्राह्मण्याशी होते. इस्रायलविषयी लिहिणाऱ्या आपल्या काही लेखकांना हा भेद सुटतो. गाझातील संहारासाठी तेथील सरकारला धारेवर धरणे हा ज्यूद्वेष नव्हे. त्याचा जाब मूळच्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींना विचारणे मात्र ज्यूद्वेषच होय.