संकासुराचा काळा रंग : रॉ चित्रण की जास्त पिक्सेल?

मराठी चित्रपट परीक्षणात शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असतं : ‘छायाचित्रण नेत्रसुखद आहे.’ मीही ते वर्षानुवर्षं लिहीत आलो. कथेबद्दल तीन परिच्छेद, अभिनयाबद्दल दोन, संगीताबद्दल अर्धा आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला ही एक ओळ. छायालेखकाने काय मिळवलं हे त्या ओळीत येत नाही, आणि ते मिळवताना त्याला काय सोडावं लागलं याचा तर आपल्या समीक्षेत विचारच होत नाही. माझी ही खोड मोडली ती 2014 सालच्या हिवाळ्यात, सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत.

आम्ही दोघं दशावताराचं चित्रण करायला निघालो होतो. मित्र व्यवसायाने कॅमेरामन, मी नुसता लिहिणारा. पैसे आमचेच असल्यामुळे कॅमेरा एकच भाड्याने घेता येणार होता आणि समोर पर्याय दोन होते. पहिला, कॅनन फाइव्ह डी मार्क थ्री. हा मुळात स्थिरचित्रांचा कॅमेरा, पण 2013 मध्ये ‘मॅजिक लँटर्न’ या हौशी प्रोग्रामरांच्या गटाने त्याच्यासाठी असं सॉफ्टवेअर काढलं होतं, की सेन्सरवरची 14 बिटांची कच्ची माहिती सलग कार्डावर उतरवता यावी. मात्र चित्राचा आकार साध्या एचडीचा, 1920 गुणिले 1080. दुसरा, त्याच वर्षी आलेला पॅनासॉनिक जीएच फोर. चित्र 3840 गुणिले 2160, म्हणजे पिक्सेल चौपट. पण ते कॅमेऱ्यातच दाबून, आवळून 8 बिटांत साठवलेलं. ‘रॉ हवंय की फोर-के?’ दुकानदाराने विचारलं. चहा घेणार की कॉफी, इतक्या सहज.

प्रश्न सोपा नाही, कारण त्यातला एकही शब्द दिसतो तितका सरळ नाही.

आधी पिक्सेल. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत काचांची एक जाळी असते. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांच्या नावे 1976 साली तिचं पेटंट निघालं. या जाळीतला प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो : निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून, म्हणजे गणिताने भरले जातात. 83 लाख पिक्सेल असं आपण छातीठोकपणे म्हणतो, त्यातली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसते, अंदाजलेली असते. अंदाज फार हुशार असतो, पण असतो अंदाजच.

आता रॉ. हा अंदाज बांधण्याआधीची, प्रत्येक बिंदूवर जेवढा प्रकाश पडला तेवढ्याचीच नोंद म्हणजे रॉ. आपल्या भाषेत कच्चा खर्डा. साध्या व्हिडिओत कॅमेरा खर्ड्यावरून स्वतःच पक्की प्रत करतो : रंग भरतो, उजेडाचा तोल ठरवतो, कडा धारदार करतो आणि ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ असं त्याला वाटतं ते गाळतो. मग खर्डा फेकून देतो. रॉमध्ये तो हातात राहतो, पक्की प्रत कशी करायची ते तुम्ही नंतर ठरवता.

बिटांचा हिशेबही पाहायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. 8 बिट म्हणजे उजेडाच्या 256 पायऱ्या, 14 बिट म्हणजे 16,384. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे 14 बिटांतल्या निम्म्या पायऱ्या, 8,192, सर्वांत उजळ टप्प्यातच खर्च होतात. प्रकाश निम्मा केला की उरलेल्याच्या निम्म्या. असं सात टप्पे खाली, गडद अंधाराकडे उतरलं तरी त्या एका टप्प्यासाठी 64 पायऱ्या शिल्लक असतात. 8 बिटांचा आवळलेला व्हिडिओ वक्ररेषेच्या युक्तीने पायऱ्यांची वाटणी सुधारतो हे खरं, पण जागा वाचवायची वेळ आली की त्याची पहिली कात्री चालते ती अंधारावरच.

आणि दशावतार हा अंधारातला खेळ. देवळासमोरचा मांडव, रात्री उशिरा सुरुवात, पहाटेपर्यंत आख्यान. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. त्यात आडदशावतारात येतो संकासुर : काळा वेश, डोक्यावरून काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. काळ्या रात्रीत काळा माणूस. कोणत्याही कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगला नट मिळणार नाही.

पहिल्या जत्रेला आम्ही कॅनन नेला. संकासुर आला आणि मित्राने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. काळ्याच्या आत काळे होते. कापडाच्या चुण्या वेगळ्या, बुरख्याचा सुती पोत वेगळा, मागच्या कनातीचा काळपट निळा वेगळा. ट्यूबलाइटमुळे सगळ्यावर हिरवट झाक आली होती. मित्राने ती काढली, तेव्हा जिभेचा लाल रंग जागच्या जागी राहिला. चेहरे तर चेहऱ्यांसारखे दिसत होते. रंगाखालचा घाम, कपाळाजवळ संपणारी रंगाची रेघ आणि तिच्यापलीकडची उन्हात रापलेली कातडी, सगळं. कातडीचा मुद्दा गौण नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली’ नावाने ओळखली जाणारी कार्डं वापरत, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे आणि तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर मानला जाई. सावळ्या माणसांना त्याची किंमत अनेक दशकं मोजावी लागली. खर्डा आपल्या हातात असला की निदान तो निर्णय दुसऱ्या कुणी आधीच घेऊन ठेवलेला नसतो.

इथे एक प्रामाणिक पुरवणी जोडतो. या यशाचं सगळं श्रेय रॉला देणं चूक आहे. कॅननचा सेन्सर फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा, पॅनासॉनिकचा त्याहून बराच लहान. अंधारात मोठ्या सेन्सरला फायदा असतोच. शिवाय रॉ म्हणजे निर्भेळ सत्य, ही समजूतही भाबडी आहे. भिंगाचा दोष रॉमध्ये येतो. जळून पांढरा झालेला भाग रॉमध्येही परत येत नाही. आणि ‘रॉ’ नावाने जे विकलं जातं ते पुष्कळदा आवळलेलंच असतं. रेड कंपनीने 2007 साली आपला पहिला कॅमेरा आणला तो 4 केच्या आवळलेल्या रॉसह, आणि त्या तंत्राचं पेटंट वर्षानुवर्षं असं सांभाळलं, की 2019 मध्ये ॲपलनेही त्याला आव्हान देऊन पाहिलं आणि हात हलवत परतावं लागलं. कच्च्या मालावरही मालकी हक्क असतो, तो असा.

मोठ्या उद्योगाने या वादात जे केलं ते मला जास्त खटकतं. नेटफ्लिक्सने स्वतःच्या निर्मितींसाठी नियम केला : मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर खऱ्या 4 केचा हवा. आता हे पाहा. 2010 साली आलेला आरी कंपनीचा अलेक्सा हा कॅमेरा साधारण 2.8 केचा. त्याच्या रॉवर रॉजर डीकिन्स यांनी ‘स्कायफॉल’ (2012) चित्रित केला आणि तो आयमॅक्सच्या अजस्र पडद्यावर दाखवला गेला. त्याच घराण्यातल्या 3.4 केच्या कॅमेऱ्यांवर त्यांनी ‘ब्लेड रनर 2049’ केला आणि 2018 मध्ये त्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्करविजेत्या प्रतिमेचे हे कॅमेरे नेटफ्लिक्सच्या मंजूर यादीत बसत नव्हते. कारण एकच : पिक्सेल मोजता येतात. अंधारातल्या पायऱ्या, रंगांची घडण, उजळ भागाचं हळुवार विरणं हे करारात कसं लिहिणार? कारकुनाला आकडा लागतो, आणि 4 के हा कारकुनाच्या सोयीचा आकडा आहे.

घरात बसून पाहणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग किती, याचं साधं गणित करता येतं. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. 55 इंची टीव्हीवर साध्या एचडीचा एक पिक्सेल सुमारे 0.63 मिलिमीटरचा. म्हणजे सव्वासात फुटांपलीकडे बसलात तर एचडीचेच पिक्सेल वेगळे दिसत नाहीत, 4 केचे कुठून दिसणार?

मुंबईतलंच उदाहरण द्यायचं तर ‘स्लमडॉग मिलियनेअर’. 2007 च्या अखेरीस इथल्या वस्त्यांमध्ये त्याचं चित्रण सुरू झालं, तेव्हा रेडचा 4 केचा कॅमेरा बाजारात आलेला होता. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी बराचसा भाग केला तो सिलिकॉन इमेजिंगच्या एसआय-टूके या 2 केच्या चिमुकल्या कॅमेऱ्यावर. डोकं हातात आणि नोंदणी करणारं यंत्र केबलने दूर जोडलेलं, अशी त्याची रचना. गल्लीत पळणाऱ्या मुलांच्या मागे, त्यांच्याच उंचीवरून पळता यावं म्हणून. नोंद रॉ होती, पिक्सेल मोजके होते. 2009 मध्ये छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला मिळालं. चित्रपटाने दारिद्र्याचं जे केलं त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी. त्या गल्ल्यांतला पिवळट उजेड मात्र मला खोटा वाटला नाही.

एवढ्यावर थांबलो तर रॉचा वकील ठरेन. दुसऱ्या जत्रेला आम्ही जीएच फोर नेला, आणि का नेला ते सांगणं भाग आहे.

एचडी आकाराची 14 बिटांची एक फ्रेम सुमारे 36 लाख बाइटची. सेकंदाला 24 म्हटल्या तर 87 एमबी. 64 जीबीचं कार्ड बारा मिनिटांत भरायचं. जीएच फोर सेकंदाला साडेबारा एमबी लिहायचा. तेच कार्ड जवळजवळ दीड तास पुरायचं. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र त्या रात्री, त्या गावात, समोरच्या माणसांना पाहून सुचलेले. एक नट दुसऱ्याला कोंडीत पकडतो, तो पौराणिक शास्त्रार्थातून निसटतो, मधेच गावच्या रस्त्यावर टोमणा येतो. हे पुन्हा कधीच होत नाही. पहिल्या जत्रेत नेमक्या अशाच एका जुगलबंदीत आमचं कार्ड संपलं. कार्ड बदलेपर्यंत हशा आणि टाळ्या होऊन गेल्या होत्या. कशावर, ते आमच्याकडे नाही.

4 केचा दुसरा उपयोग मला संकलनाच्या टेबलावर कळला. कॅमेरा एकच, नट पाच. तो तिवईवर रुंद चौकटीत ठेवून दिला तरी नंतर एचडीच्या चौकटीत हव्या त्या नटाकडे जाता येत होतं. डेव्हिड फिंचर यांनी ‘गॉन गर्ल’ (2014) 6 केमध्ये घेऊन कडेची जागा राखून ठेवली, ती चौकट नंतर सरकवता आणि स्थिर करता यावी म्हणूनच. शिवाय आवळलेल्या 4 केमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा नोंदतात, पण रंग चारांत मिळून एक. ते चित्र एचडीत उतरवलं की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. म्हणजे जीएच फोर हा 4 केचा कॅमेरा म्हणून साधारण आणि एचडीचा कॅमेरा म्हणून उत्तम होता. फक्त संकासुराने त्याला हरवलं. अंधारात बुरख्याचे चौकोनी तुकडे पडले, चुण्या गेल्या. कापडाऐवजी काळा चिखल हलत होता. जे नोंदतानाच गाळलं गेलं, ते लहान आकारात आणून परत येत नाही.

तर माझा कौल असा : चेहरा आणि वेश नोंदायचा असेल तर कमी पिक्सेलचं रॉ, बोलणं आणि काळ नोंदायचा असेल तर आवळलेलं 4 के. फीचर फिल्ममध्ये शॉट तीस सेकंदांचा असतो, म्हणून तिथे मी डोळे मिटून रॉ निवडेन. लोककलेच्या दस्तावेजीकरणात मात्र रात्र वाया घालवण्याचा हक्क मला नाही. आज कार्डं स्वस्त झाली, दोन्ही एकत्र देणारे कॅमेरे आले, हे कबूल. पण 6 के, 8 के करत पिक्सेलही वाढले आणि जागेचा हिशेब पुन्हा तिथेच येऊन बसतो.

संकासुर करणारे ज्येष्ठ नट आम्ही दाखवायला नेलेलं रॉ चित्रण पाहायला बसले. मॅजिक लँटर्नच्या त्या चित्रणात आवाज नव्हता; तो वेगळ्या रेकॉर्डरवरचा आम्ही जुळवून लावला होता. त्यांनी स्वतःचा वेश जवळून पाहिला, बुरख्याची शिवण दाखवून बायकोने घातली आहे म्हणाले. बारा मिनिटांनी पडदा काळा झाला. ते थोडा वेळ तसेच बसले.

‘रंग बरो इलो हा,’ ते म्हणाले. ‘पण फुडे मी काय बोललंय, ता खंय?’

ती रॉ फाइल आता माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे. उघडायची तर आधी एका सॉफ्टवेअरने रूपांतर करावं लागतं, मग दुसऱ्याने रंग. दुसऱ्या जत्रेचं चित्रण त्यांच्या मुलाने पेन ड्राइव्हवर मागून नेलं. त्यातले तुकडे मंडळातल्या पोरांच्या फोनवर अजून फिरतात, आणि त्यात बोलणं सगळं ऐकू येतं.