न्यायालयीन लेखनातील पूर्वनिर्णयांचे दाखले : सातारा-सांगलीतील विधी शिक्षणाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी मसुदालेखन आणि अभिरूप न्यायालय या प्रात्यक्षिक विषयांना अभ्यासक्रमात अनिवार्य स्थान दिले. अभिरूप न्यायालयाच्या प्रत्येक प्रकरणास दहा गुण असून त्यांपैकी पाच लेखी निवेदनास व पाच तोंडी युक्तिवादास आहेत. लेखी निवेदनात पूर्वनिर्णयाचा दाखला अचूक आहे की नाही यासाठी वेगळा गुण नाही. परिणामी प्रात्यक्षिक वहीत दाखले किती आहेत हे सहसा पाहिले जाते. त्यांपैकी एखादा उघडून वाचण्याची वेळ क्वचितच येते. दाखला हा लेखनाचा अलंकार समजला जाण्याचे मूळ येथे आहे. वस्तुतः दाखला म्हणजे प्रतिपक्षाने व न्यायाधीशांनी तपासून पाहावा असा पुरावाच होय.

सातारा व सांगली येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच कार्यरत झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात. पूर्वी जिल्हा न्यायालयापुढील प्रकरण मुंबईच्या वकिलाकडे सोपवले की दाखल्यांची जबाबदारीही त्याच्याकडे जात असे. यापुढे हे काम येथील तरुण वकिलांनाच करावे लागणार आहे.

दाखल्याचे स्थान व स्वरूप

पहिला दोष दाखला कोठे द्यावा यासंबंधीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम २ नुसार वादपत्रात व कैफियतीत महत्त्वाची तथ्ये मांडावयाची असतात. ती सिद्ध करणारा पुरावा तेथे येत नाही आणि कायद्याचा ऊहापोहही येत नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या वादपत्रात तिसऱ्याच परिच्छेदात सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा अवतरतो. दाखल्याची खरी जागा आदेश १८, नियम २ मधील लेखी युक्तिवादात आहे.

दुसरा दोष दाखला कसा वाचावा हे न शिकवल्याने उद्भवतो. या दोन्ही जिल्ह्यांत आजही कूळकायद्याचे वाद मोठ्या प्रमाणावर चालतात, म्हणून त्याच क्षेत्रातील उदाहरण घेणे उचित ठरेल. १९५६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी देण्याची तरतूद केली. तिला आव्हान देणारे 'श्रीराम राम नारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व दुरुस्ती वैध ठरली. त्याचा दाखला 'एआयआर १९५९ सुप्रीम कोर्ट ४५९' असा दिला जातो. यातील १९५९ हे प्रकाशनाचे वर्ष असून निर्णय नोव्हेंबर १९५८ मधील आहे. 'सन १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले' असे वाक्य म्हणूनच चुकीचे ठरते, आणि कालक्रम महत्त्वाचा असलेल्या वादात ही चूक निरुपद्रवी राहत नाही.

याच प्रकरणातील कायद्याचे नाव ही आणखी एक अडचण आहे. निवाड्यात तो 'मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८' आहे. २०१२ च्या अधिनियमाने नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. युक्तिवादात आजचे नाव द्यावे व निवाड्यातील उताऱ्यात जुने तसेच ठेवावे, हे सांगणारा शिक्षक लागतो. जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच आहे. १९४९ ते १९६० या काळात सांगलीचे नाव 'दक्षिण सातारा' व साताऱ्याचे 'उत्तर सातारा' होते. त्या दशकातील निवाड्यात दक्षिण सातारा असे वाचून सांगलीचा विद्यार्थी तो परक्या जिल्ह्याचा समजून बाजूला ठेवू शकतो!

आकडे तेच, कायदा निराळा

१ जुलै २०२४ रोजी तीन नव्या फौजदारी संहिता अमलात आल्या आणि दाखल्याचा प्रश्न एका रात्रीत बिकट झाला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. भारतीय नागरी सुरक्षा संहितेत ते अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आणि कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे झाले, जे पूर्वी ४३८ होते. आता संहितेचे नाव न लिहिता 'कलम ४८२ खालील निवाडे' असे म्हटले, तर गुन्हा रद्द करण्यासंबंधीचे निवाडे जामिनाच्या अर्जात येऊन पडतात. कलमाच्या आकड्यापूर्वी संहितेचे नाव व वर्ष लिहिणे ही सवय नव्या काळात अपरिहार्य झाली आहे.

अटकपूर्व जामिनाच्या विषयात आणखी एक धोका आहे. सोलापूर जिल्ह्यातून उद्भवलेले 'सिद्धराम सातलिंगप्पा म्हेत्रे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (२०११, १ एससीसी ६९४) हे प्रकरण या भागात आवर्जून दाखवले जाते. २०२० मध्ये 'सुशीला अग्रवाल' प्रकरणात घटनापीठाने त्यातील एक मत, म्हणजे असा जामीन देताना कोणत्याही निर्बंधात्मक अटी घालता येत नाहीत हे मत, रद्दबातल ठरवले. संपूर्ण निवाडा मात्र त्यामुळे निरुपयोगी होत नाही. कोणता परिच्छेद टिकला व कोणता गेला हे सांगावयाचे तर परिच्छेद क्रमांक द्यावाच लागतो. नुसते नाव व पृष्ठ देणारा दाखला येथे अर्धवट ठरतो, आणि अशा दाखल्याची किंमत अटकेच्या छायेत असलेला पक्षकार मोजतो.

अस्तित्वात नसलेले निवाडे

चुकीच्या दाखल्यापेक्षाही गंभीर प्रकार आता समोर आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'केएमजी वायर्स' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आयकर निर्धारणाचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाने बजावले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये 'माटा विरुद्ध एव्हियान्का' प्रकरणात अशाच कारणासाठी वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला होता. अशा बनावट दाखल्यांत खंड, पृष्ठ, पक्षकारांची नावे असे सारे काही नीटनेटके असते. नीटनेटकेपणालाच गुण देणारी मूल्यमापनपद्धती त्यांच्यापुढे निरुत्तर होते.

पडताळणी पूर्वीइतकी खर्चिक राहिलेली नाही. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्याच वर्षी तटस्थ उद्धरण क्रमांकाची पद्धत आली. त्यामुळे महागडे खंड नसलेल्या ग्रंथालयातही निवाड्याचे मूळ पान उघडता येते. मराठीचा प्रश्न मात्र उरतो. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. निवाडे प्रामुख्याने इंग्रजीतच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचे मराठी अनुवाद मिळतात, तथापि अधिकृत पाठ इंग्रजीच मानला जातो. म्हणून मराठी युक्तिवादात उताऱ्याचा आशय मराठीत देऊन परिच्छेद क्रमांक मूळ इंग्रजी पाठाचा द्यावा आणि ते पान सोबत जोडावे, हा मार्ग सुरक्षित आहे.

हीच रीत प्रात्यक्षिक वहीलाही लावता येईल. प्रत्येक दाखल्यासोबत मूळ पानाची छायाप्रत, त्यावर अधोरेखित केलेला परिच्छेद आणि तो प्रस्तुत वादाला का लागू पडतो याच्या दोन ओळी विद्यार्थ्याने द्याव्यात. दाखले तीनच असले तरी चालतील. लेखी निवेदनाच्या पाच गुणांपैकी दोन यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय विषयशिक्षक पुढच्याच सत्रात घेऊ शकतात.